घरीच स्पीकर आणि सबवूफर बनवायचाय, सुतारकामाचा अनुभव शून्य

नवशिक्या_सुतार
नमस्कार मंडळी. दोनेक वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या. तर झालंय असं की स्वतःच्या हाताने स्पीकर बनवायचं डोक्यात बसलंय आणि ते काही केल्या जात नाहीये. प्लॅन असा की तीन-वे टॉवरची जोडी (जाड, मधल्या आणि बारीक आवाजाला वेगवेगळे ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे मूळ भाग), छातीपर्यंत उंच, वर एक १२ इंची सबवूफर. सोल्डरिंग येतं, मल्टीमीटर वापरता येतो, पण लाकडाशी आजवरचा संबंध म्हणजे भिंतीत खिळा मारणे आणि तोही वाकडा. हत्यारं म्हणाल तर एक ड्रिल, एक जिगसॉ, आणि आजोबांच्या पेटीतला गुण्या. कुठून सुरुवात करू? एमडीएफ (लाकडाच्या लगद्याची दाबून केलेली फळी) घेऊ की प्लाय? आणि डबा बनवणं खरंच एवढं अवघड आहे का, सहा फळ्याच तर आहेत?

भुसामुनी
"सहा फळ्याच तर आहेत" हे वाक्य जपून ठेवा, तीन महिन्यांनी परत वाचू. :)
गंमत सोडा. तीन-वे टॉवर पहिल्या फटक्यात करू नका. त्यात बारा-चौदा फळ्या, आतले कप्पे, दोन-तीन मापांची भोकं, आणि वर क्रॉसओव्हर, म्हणजे कुठला आवाज कुठल्या ड्रायव्हरला जायचा ते वाटून देणारं सर्किट, ज्यात चुकलात तर चूक कुठे झाली हे कळायलाच वर्ष जाईल. लहान काहीतरी करा जे पूर्ण होईल. माझ्याकडे अर्धवट टॉवरची एक जोडी आहे, सध्या तिच्यावर कुंड्या आहेत.

ओहमकार
भुसामुनींना +१. माझं मत, पहिला प्रोजेक्ट बंद डब्याचा सबवूफर, म्हणजे सील्ड. कारणं सांगतो. एकतर पॅसिव्ह क्रॉसओव्हर लागत नाही, अँपमध्येच लो-पास (फक्त खालचा आवाज पुढे सोडणारा फिल्टर) असतो. दुसरं, ८० हर्ट्झची ध्वनिलहर चार मीटरहून लांब असते, तिच्यासमोर तुमच्या डब्याची कड गोल आहे की चौकोनी, ड्रायव्हर दोन मिलीमीटर डावीकडे गेलाय का, याने काही फरक पडत नाही. सुतारकामातली पापं सगळ्यात जास्त कुठे माफ होत असतील तर इथे. एकच पाप माफ नाही, हवा गळणे.

रंधाताई
मी उलटं सांगेन. सब जड असतो, नवशिक्याला एवढ्या मोठ्या फळ्या एकट्याने धरून चिकटवायच्या म्हणजे तारांबळ. ३-४ इंची फुलरेंज ड्रायव्हरची छोटी जोडी करा, एकच ड्रायव्हर, क्रॉसओव्हर नाही, लाकूड इतकं कमी लागतं की एक डबा बिघडला तर दुसरा करता येतो. आणि दोन डबे करायचे म्हणजे तेच काम दोनदा, दुसरा डबा पहिल्यापेक्षा चांगला होतोच होतो. शिकणं त्यात आहे.

ओहमकार
ताई मुद्दा बरोबर आहे पण यांना बास पाहिजे असं धाग्याच्या नावातच आहे, ३ इंची फुलरेंजवर ते दोन दिवसात नाराज होतील.

नवशिक्या_सुतार
दोघांचं पटतंय आणि हीच अडचण आहे. बरं, सब धरून चालू. ८ इंची ड्रायव्हर एका मित्राकडे न वापरता पडलाय, तो मिळेल. कागदावर हे आकडे आहेत: एफएस ३२ हर्ट्झ, क्यूटीएस ०.४०, क्यूईएस ०.४३, व्हास ४० लिटर. यातलं मला काहीही कळत नाही, व्हास म्हणजे डबा ४० लिटरचा करायचा का?

ओहमकार
नाही नाही. व्हास म्हणजे तुमच्या ड्रायव्हरचं सस्पेन्शन जेवढं लवचिक आहे तेवढीच लवचिक असलेली हवा किती लिटर, ते माप. डब्यातली हवा ही एक स्प्रिंग आहे हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं. डबा लहान तर स्प्रिंग कडक. एफएस म्हणजे ड्रायव्हर मोकळा असताना ज्या फ्रिक्वेन्सीला आपोआप जास्त डोलतो ती, त्याची रेझोनन्स. क्यूटीएस आणि क्यूईएस म्हणजे ते डोलणं किती आवरलं जातं याचे आकडे, पहिला एकूण, दुसरा फक्त विजेच्या बाजूचा. या आकड्यांना थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात, नेव्हिल थील यांनी १९६१ साली ऑस्ट्रेलियात पोर्टवाल्या, म्हणजे हवा ये-जा करायला पाइप ठेवलेल्या, डब्यावर पेपर लिहिला, मग रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते पुढे नेलं. त्याआधी डबा बनवणं बऱ्यापैकी करून बघण्याचं काम होतं, आज तुम्ही कागदावर आधीच ऐकू शकता.

हिशोब असा. व्हासला डब्याच्या लिटरने भागा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा. जो आकडा येईल त्याने क्यूटीएसला गुणलं की क्यूटीसी मिळतो आणि एफएसला गुणलं की डब्यातली रेझोनन्स, एफसी. क्यूटीसी ०.७०७ आला की रिस्पॉन्स सपाट, कुठेही फुगवटा नाही. १ च्या वर गेला की बास फुगतो, गाण्यात सगळीकडे तोच एक सूर धबधब वाजल्यासारखा. ०.५ च्या आसपास एकदम कोरडा आणि नेटका पण लवकर उतरायला लागतो.
तुमच्या ड्रायव्हरला २५ लिटर दिले तर क्यूटीसी ०.६४ आणि एफसी ५२ च्या आसपास. छान आहे, करा.
शिवाय एफएस भागिले क्यूईएस काढा, ७४ येतं. हा अंगठेनियम आहे, ५० च्या खाली असेल तर सील्ड, १०० च्या वर असेल तर पोर्ट, मधला असेल तर दोन्हीकडे चालतो. तुमचा मधला.

कर्कश
मधला असेल तर पोर्टच करा की. सील्डमध्ये ५२ च्या खाली काय उरणार? एवढी मेहनत करून बासच नाही.

ओहमकार
सील्ड दर ऑक्टेव्हला (फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की) १२ डीबीने उतरतो, पोर्टवाला २४ ने. म्हणजे पोर्टवाला वर भरपूर देतो पण ट्यूनिंगच्या (पाइपमधली हवा ज्या फ्रिक्वेन्सीला जोरात हलते तिच्या) खाली कडेलोट. आणि खोलीत बंद दाराआड अगदी खालच्या फ्रिक्वेन्सीला खोलीच थोडी मदत करते, सील्डचा सावकाश उतार तिच्याशी जुळतो. शिवाय पोर्टच्या ट्यूनिंगखाली ड्रायव्हरमागे स्प्रिंग उरतच नाही, कोन नुसता हवेत हेलकावे खातो, फिल्टर नसेल तर एखाद्या सिनेमातल्या स्फोटात कॉइल बाहेर. (कोन म्हणजे स्पीकरचा शंकू, गुण्याने मोजायचा तो नव्हे.)
आणि पोर्टची लांबी एकदा काढून बघा. ५० लिटर डबा, २५ हर्ट्झ ट्यूनिंग, १० सेमी व्यासाचा पाइप, तर लांबी ६८ सेमी येते. ठेवणार कुठे? म्हणून लोक साडेसात सेमीचा पाइप घेतात, लांबी ३७ वर येते, पण मग त्यातून हवा इतक्या जोरात जाते की फुसफुस ऐकू येते.

कर्कश
बरं. पण माझा पोर्टवाला अजून जिवंत आहे एवढं नोंदवून ठेवतो.

गुण्या
लाकडाबद्दल कुणीच बोलेना म्हणून मी. एमडीएफ घ्या, १८ मिमी. सरळ असतो, आत पोकळी नसते, सगळीकडे एकसारखा, राउटर (फिरत्या बिटने, म्हणजे पात्याने, लाकूड कोरायचं यंत्र, वायफायचं नव्हे) लोण्यासारखा चालतो. दोष: वजन (८ बाय ४ फुटांचं १८ मिमीचं शीट ४० किलोच्या आसपास भरतं, एकट्याने उचलायला जाऊ नका), पाणी लागलं की फुगतो, आणि कडेतून स्क्रू मारला की पापुद्रे सुटतात. चांगला प्लाय हलका आणि चिवट, स्क्रू छान धरतो, पण स्वस्तातल्या प्लायच्या आत पोकळ्या निघतात आणि नेमक्या तुमच्या भोकाच्या कडेवर निघतात.

एमडीएफची धूळ मात्र गंमत नाही. भुसा नसतोच तो, पीठ असतं, आणि त्यात फॉर्माल्डिहाइडवाल्या रेझिनचा चिकटा असतो. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, नीट बसणारा मास्क घ्या, एन९५ तरी. शक्यतो उघड्यावर कापा. राउटरला कान झाका. बिट बदलताना प्लग काढा, स्विच बंद आहे यावर विश्वास ठेवायचा नाही.

आणि जिगसॉने फळ्या कापू नका!! जिगसॉची कड कधीच सरळ येत नाही आणि ब्लेड खाली तिरकं पळतं. जिथून शीट घेताय तिथे पॅनल सॉ असेल तर तिथेच कापून घ्या, कागदावर कटिंग लिस्ट न्या. एकाच मापाच्या सगळ्या फळ्या एकाच सेटिंगवर कापायला सांगा, माप १ मिमी चुकलं तरी चालेल पण सगळ्यांचं सारखं चुकलं पाहिजे. ब्लेड स्वतः ३ मिमीच्या आसपास खातं ते धरा.

रंधाताई
गुण्या यांनी सगळं सांगितलं, एक भर. समोरची फळी दोन्ही बाजूंनी २ मिमी मोठी ठेवा, चिकटवा, आणि मग बेअरिंगवाल्या फ्लश ट्रिम बिटने कड तासून टाका. सांधा असा येतो की सुताराला वाटेल सुतारानेच केलाय. राउटर नसेल तर कुणाचा तरी मागून आणा, या छंदात एकच यंत्र घ्यायचं तर ते राउटर, जिगसॉ नव्हे. बाहेरच्या कडेने फिरवताना घड्याळाच्या उलट दिशेने, भोकाच्या आतून फिरवताना घड्याळाच्या दिशेने. उलटं केलंत तर तो हातातून पळतो. हा अनुभव आहे, खूण अजून आहे टेबलावर.

नवशिक्या_सुतार
बापरे, एवढी माहिती. सगळं वहीत उतरवलं. राउटरची सोय झाली. शीट आणतो आणि कळवतो.

शांतता_राखा
वाचतेय. आमच्याकडेही एकजण अशीच स्वप्नं बघतोय, त्याला हा धागा दाखवावा की लपवावा ठरवतेय.

नवशिक्या_सुतार
(दोन आठवड्यांनी) मंडळी, गडबड झाली. फळ्या कापून आणल्या, चिकटवायच्या आधी टेपने डबा उभा करून बघितला आणि लक्षात आलं की मी २५ बाय २५ बाय ४० सेमी हे माप बाहेरून धरलं. म्हणजे २५ लिटर बाहेरून. आतून २१.४ बाय २१.४ बाय ३६.४, म्हणजे १६.७ लिटर. शीट संपलं. कापणाऱ्याला मीच कागद दिला होता त्यामुळे ओरडायला पण कुणी नाही. फेकून द्यायचं का सगळं?

भुसामुनी
"सहा फळ्याच तर आहेत."

ओहमकार
थांबा, फेकू नका, गणित करू. १६.७ मधून ड्रायव्हरचं मागचं मॅग्नेट वगैरे एक लिटर धरा, उरले १५.७. क्यूटीसी ०.७५, एफसी ६० हर्ट्झ. अहो हे वाईट नाहीच, ०.७०७ च्या पलीकडे जरासं. आता आत पॉलिस्टरचा कापूस, उशीत भरतात तो, सैलसर भरा. तंतूंमुळे हवा दाबली की तापायची ती कमी तापते, आणि डबा असायचा त्यापेक्षा मोठा असल्यासारखा वागतो. प्रत्यक्षात १०-१५ टक्के धरा. म्हणजे परत ०.७ च्या जवळ. तुम्ही चुकून बरोबर जागी पोचलात.
हीच चूक पोर्टवाल्या डब्यात केली असती तर? ३० हर्ट्झला ट्यून केलेला पोर्ट तोच ठेवून डबा २५ वरून १५.७ वर आला असता, तर ट्यूनिंग ३८ वर गेलं असतं. तिथे कापूस भरून वाचत नाही.

कर्कश
तुम्ही मला टोमणा मारताय.

ओहमकार
हलके घ्या.

नवशिक्या_सुतार
जीवात जीव आला. पण दोन बाजू सारख्या आहेत, २१.४ आणि २१.४, कुठेतरी वाचलं होतं की अशाने आत लहरी साठतात?

ओहमकार
साठतात, पण कुठल्या फ्रिक्वेन्सीला बघा. समोरासमोरच्या फळ्यांत अर्धी लहर बसली पाहिजे. २१.४ सेमीला ती ८०० हर्ट्झवर येते, ३६.४ ला ४७० वर. तुमचा सब १०० च्या वर बोलणारच नाही. बुकशेल्फ कराल तेव्हा ही काळजी करा.

गुण्या
चिकटवताना: एका वेळी चार बाजूंची चौकट, मग तळ, शेवटी समोरचं. पांढरा लाकडाचा ग्लू पुरे, कड ओली दिसेल एवढा लावा, एमडीएफची कड पितेच त्यामुळे पाच मिनिटांनी परत एक हात. क्लॅम्प आवळल्यावर सांध्यातून मण्यांसारखा ग्लू सगळीकडे बाहेर आला पाहिजे, जिथे आला नाही तिथे हवा गळणार. दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले तर चौकट काटकोनात, नाहीतर लांब कर्णावर एक क्लॅम्प तिरका लावून ओढा. ग्लू ओला असेपर्यंतच हे जमतं. स्क्रूची गरज नाही, नीट चिकटलेला सांधा तुटत नाही, शेजारचा एमडीएफ फाटतो. क्लॅम्प कमी पडले म्हणून स्क्रू मारायचेच तर आधी बारीक भोक पाडा आणि टोकापासून ४-५ सेमी लांब राहा.

पाचर
सामान बांधायचे रॅचेट पट्टे मिळतात ना, ते डब्याभोवती गुंडाळून आवळले की चार क्लॅम्पचं काम होतं. फक्त कोपऱ्यांत पुठ्ठा घाला, नाहीतर पट्टा कड दाबून टाकतो.

नवशिक्या_सुतार
चौकट चिकटली, कर्ण १ मिमीने चुकला पण ठीक आहे म्हणालो. मधे एक आडवी पट्टी पण टाकली. आता नवीन प्रॉब्लेम आणि हा पहिल्यापेक्षा मोठा आहे. ड्रायव्हरची कड फळीत बुडवून सपाट बसवायची होती, राउटरला गोल कापायची जिग केली, मधे खिळा, उत्साहात आधी आरपार भोक पाडलं, मस्त गोल पडलं, चकती खाली पडली, आणि मग लक्षात आलं की खाच पाडायला आता मधला खिळाच नाही, मध्यबिंदू चकतीबरोबर जमिनीवर. अर्धा तास नुसता बसून होतो.

रंधाताई
हे प्रत्येकाचं होतं. आधी बाहेरची उथळ खाच, मग आतलं आरपार. दारामागे लिहून ठेवा.

पाचर
चकती फेकली नाहीस ना? मग काही बिघडलं नाही. फळीच्या खाली एक टाकाऊ फळी स्क्रूने पक्की कर. चकती परत भोकात ठेव, भोवती बिटाने खाल्लेली फट असेल, ६ मिमीचा बिट असेल तर फट ६ मिमीची. त्या फटीत चार बाजूंनी चार ६ मिमीचे ड्रिल बिट उभे घाल, चकती आपोआप मधोमध बसते. आता चकती खालच्या फळीला दोन स्क्रूने आवळ, ड्रिल बिट काढून घे. तुझं जुनं खिळ्याचं भोक परत मध्यबिंदू झालं. खाच पाड, एका दमात नाही, ३-३ मिमी करत. खाचेची खोली ड्रायव्हरच्या कडेची जाडी अधिक रबरी गॅस्केट दाबल्यावर उरेल तेवढी, आधी भंगार तुकड्यावर करून बघ.

नवशिक्या_सुतार
पाचर दादा तुमच्या पायाचं तीर्थ द्या. जमलं!! अगदी तंतोतंत नाही, एका बाजूला अर्धा मिमी फट दिसते पण मला सोडून कुणाला दिसणार नाही.

भुसामुनी
तुम्हाला मात्र आयुष्यभर दिसेल.

शांतता_राखा
धागा दाखवला. तो आता राउटर कुठे मिळतो विचारतोय. चूक झाली.

नवशिक्या_सुतार
प्रगती: ड्रायव्हर बसवला, अँप वेगळा ठेवलाय, क्लास-डीचं छोटं बोर्ड आणि त्याला तयार अ‍ॅडॉप्टर, म्हणजे मेन्सची वायर डब्यात कुठेच नाही. आणि आता दुःखद बातमी. शेवटचा स्क्रू आवळताना स्क्रूड्रायव्हर मॅग्नेटने ओढला, घसरला, आणि कोनात भोक. पेनाच्या टोकाएवढं. ज्याचा ड्रायव्हर त्याला सांगितलेलं नाही.

गुण्या
हाताने आवळायचं, आणि आवळताना दुसरा हात टोकाभोवती कोंडाळं करून धरायचा, घसरला तर आपल्या बोटाला लागेल पण कोनाला नाही. आणि इलेक्ट्रिक स्क्रूड्रायव्हर ड्रायव्हरजवळ आणायचाच नाही. एमडीएफमध्ये साधा स्क्रू तीन-चारदा काढला-घातला की पकड सुटते, त्यामुळे पुढच्या वेळी मागून टी-नट (लाकडात रुतणारी दातेरी नट) ठोका आणि बोल्ट वापरा.

ओहमकार
पेपर कोन आहे ना? टिश्यू पेपरचा छोटा तुकडा आणि पातळ केलेला पांढरा ग्लू, पुढून आणि मागून. सबमध्ये फरक ऐकू येणार नाही. भोक तसंच ठेवलंत तर मात्र डबा सील्ड राहिला नाही, शिट्टी वाजवेल.
तो वाळला की गळती तपासा: कोन दोन्ही बाजूंनी सारख्या बोटांनी हळूच आत दाबा, धरा, सोडा. सावकाश परत आला तर डबा बंद आहे, टणकन आला तर कुठेतरी गळतंय. आतून सांध्यांवर ग्लूचा एक थर फिरवा. सिलिकॉन वापरलंत तर पूर्ण वाळून वास जाईपर्यंत ड्रायव्हर बसवू नका, आंबट वासाचं जे असतं त्याची वाफ धातूला चांगली नसते.
आणि पोलॅरिटी, दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, प्लसला प्लस लावल्यावर कोन बाहेर आला पाहिजे. ही युक्ती ट्वीटरवर (बारीक आवाजाच्या ड्रायव्हरवर) करायची नाही.

नवशिक्या_सुतार
वाजला!!!! मंडळी वाजला. रात्री साडेअकराला वाजला आणि लगेच बंद करायला लागला. पण एक विचित्र आहे, काही सूर जमीन हादरवतात आणि काही सूर गायबच. सोफ्यावर बसलं की धबधब, दारात उभं राहिलं की छान. डब्यात दोष आहे का?

ओहमकार
डब्यात नाही, खोलीत. खोलीची लांबी किती? चार मीटर असेल तर अर्धी लहर ४३ हर्ट्झला बसते, आणि तो सूर भिंतीजवळ फुगतो, मधोमध मरतो. सोफा भिंतीला टेकलेला असणार.
आता हसू नका, सगळे हेच करतात. सब उचलून सोफ्यावर ठेवा, तुम्ही बसता त्या जागी. बासचा एखादा सावकाश चढता-उतरता ट्रॅक लावा आणि स्वतः जमिनीवर रांगत खोलीभर फिरा. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील तिथे सब ठेवायचा. जागांची अदलाबदल केली तरी दोघांमधला रिस्पॉन्स तोच राहतो, म्हणून हे चालतं.

शांतता_राखा
हे मी त्याला वाचून दाखवणार नाहीये.

नवशिक्या_सुतार
रांगलो. घरचे सगळे बघत होते. खिडकीखालची जागा सापडली, खरंच फरक आहे, पण ४३ च्या आसपास अजून थोडं फुगतंय. ईक्यू (ठरावीक सूर कमी-जास्त करणारी सेटिंग) लावू?

ओहमकार
फुगवटा कापायला ईक्यू चालतो. खड्डा भरायला नाही, खड्ड्यात कितीही पॉवर ओता, खोली ती गिळते. आणि खालचा बास वाढवायचा मोह झाला तर हे लक्षात ठेवा, ६ डीबी वाढवायला चौपट पॉवर लागते, आणि तोच आवाज एक ऑक्टेव्ह खाली काढायला कोनाला चौपट लांब हलावं लागतं. ८ इंचाकडून २० हर्ट्झ मागू नका. हॉफमनचा नियम म्हणतात, लहान डबा, खोल बास, जास्त आवाज, यातल्या दोनच गोष्टी मिळतात.
मोजायचं असेल तर रूम ईक्यू विझार्ड हा प्रोग्रॅम फुकट आहे, माइक मात्र कॅलिब्रेटेड घ्या, यूमिक-१ सारखा. फोनच्या माइकवर खालचे आकडे धरून बसू नका, बऱ्याच फोनमध्ये तो भाग मुद्दाम कापलेला असतो.

नवशिक्या_सुतार
आता रंगाचं सांगा. घासून एक हात काळा मारला तर कडा सगळ्या खरखरीत, फळीची बाजू गुळगुळीत आणि कड जणू ब्लॉटिंग पेपर.

रंधाताई
कड आधी बंद करायला हवी होती. पातळ केलेला पांढरा ग्लू किंवा लांबी कडेवर घासून भरायची, वाळली की पॉलिश पेपर, परत भरायची, परत घासायची, दोन-तीनदा. मग तेलकट प्रायमर, पाण्याचा नको, पाण्याने तंतू उभे राहतात. आणि एक कटू सत्य, एमडीएफच्या सांध्यावर कितीही छान रंग मारा, हवा बदलली की काही महिन्यांनी सांध्याची रेघ वर उठून दिसते. कड आणि पृष्ठभाग ओलाव्याने वेगवेगळे फुगतात म्हणून. त्यावर दोनच उपाय, व्हिनियर लावा, नाहीतर सांध्यावर मुद्दाम बारीक खाच पाडून ती डिझाइन आहे असं सांगा.

नवशिक्या_सुतार
खाच पाडतो. डिझाइन आहे असं सांगायला मला आवडेल.
बरं आता पुढचं. दोन-वे बुकशेल्फ. क्रॉसओव्हरचं सूत्र मिळालं, ८ ओहम, ३००० हर्ट्झ, ट्वीटरला ६.६ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. सोपंय की.

भुसामुनी
आलं. दुसरं "सहा फळ्याच".

ओहमकार
सूत्र बरोबर, गृहीतक चूक. ते सूत्र ८ ओहमच्या रेझिस्टरसाठी आहे. ट्वीटर रेझिस्टर नाही, त्याचा इम्पीडन्स (फ्रिक्वेन्सीनुसार बदलणारा रोध) त्याच्या रेझोनन्सला डोंगरासारखा चढतो, वूफरचा कॉइलमुळे वर चढत जातो. कागदावर ३००० ला भेटणारे दोघे प्रत्यक्षात भलत्याच ठिकाणी भेटतात, कधी एकमेकांना खाऊन टाकतात आणि मधे खड्डा पडतो. शिवाय बॅफल स्टेप आहे, समोरची फळी २० सेमी रुंद असेल तर साधारण ५७५ हर्ट्झच्या खाली आवाज पुढेच न जाता मागेही वळतो आणि समोर ६ डीबीपर्यंत कमी होतो, म्हणून घरगुती डिझाइनचे पहिले स्पीकर सगळ्यांचेच पातळ, किंचाळल्यासारखे वाजतात. ते क्रॉसओव्हरमध्येच भरून काढायचं असतं, भिंतीजवळ ठेवणार असाल तर पूर्ण ६ नाही, ३-४.
त्यामुळे पहिली जोडी कुणीतरी मोजून, ऐकून सिद्ध केलेल्या डिझाइनची करा. तेच ड्रायव्हर, तीच समोरच्या फळीची रुंदी, ड्रायव्हरमधलं तेच अंतर, तेच क्रॉसओव्हरचे भाग. खोली कमी-जास्त केलीत तरी लिटर जमवले की चालेल, पण समोरचा चेहरा बदलायचा नाही. स्वतःचं डिझाइन नंतर, व्हिट्युइक्सकॅड हे डिझाइनचं सॉफ्टवेअर शिकून आणि स्वतःची मापं घेऊन.

कर्कश
मी पहिलाच क्रॉसओव्हर सूत्राने केला होता.

ओहमकार
मग?

कर्कश
म्हणून तर आयडी कर्कश आहे.

रंधाताई
:D

नवशिक्या_सुतार
ठरलं, सिद्ध डिझाइनच. शीट आणताना यावेळी कागदावर दोन मापं लिहिणार, आतून आणि बाहेरून, वेगळ्या शाईने. आणि मित्राला ड्रायव्हरच्या भोकाबद्दल सांगितलं, तो म्हणाला त्या भोकाचं सोड, कोनाच्या दुसऱ्या बाजूला एक डाग त्यानेच आधी पाडलेला होता, मी तो बघितलाच नव्हता.
एक शेवटची शंका. ४३ ला आता कपाटाचं दार खुळखुळत होतं, त्याला फेल्ट चिकटवलं, ते थांबलं. लगेच खिडकीचं तावदान सुरू झालं. ते दाबून धरलं तर वरच्या फळीवरचा फोटो. हे कुठपर्यंत चालतं?

भुसामुनी
तावदानासाठी वेगळा धागा काढा. इथे अवांतर नको.